चाळीस यार्डांची परीक्षा

आयुष्याची बत्तीस वर्षे मी एका तालुक्याच्या गावी व्यायामशिक्षक होतो. गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच, एवढाच काय तो माझा जामानिमा. माणूस खोटे बोलेल, पण घड्याळ खोटे बोलणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती डळमळली ती निवृत्तीनंतर, आणि तीही साता समुद्रापलीकडे.

धाकट्या मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. फेब्रुवारी संपत आला होता, बाहेर बर्फ साचले होते आणि नातू टेलिव्हिजनसमोर खिळून बसला होता. पडद्यावर एक प्रचंड, रिकामे क्रीडागार. एकेक दांडगा तरुण पुढे येई, ओणवा होई, बाणासारखा सुटे आणि पाच सेकंदांच्या आत थांबे. ना चेंडू, ना प्रतिस्पर्धी. मी म्हटले, "अरे, ही कसली शर्यत? हा तर एकटाच धावतो आहे!"

"शर्यत नाही, आजोबा. ही परीक्षा आहे. यावरून कोणाला किती पैसे मिळणार ते ठरतं."

हा तिकडचा फुटबॉल. लंबगोल चेंडूचा, शिरस्त्राणे घालून खेळायचा. आपल्या फुटबॉलशी त्याचे नावापुरतेच नाते. पण नातवाच्या उत्तराने माझे कुतूहल जागे झाले, आणि त्या परीक्षेचा इतिहास मी हाती लागेल तेथून वाचून काढला. तो वाचकांपुढे ठेवतो.

या खेळातील धंदेवाईक संघ दरवर्षी कॉलेजांतले खेळाडू पाळीपाळीने निवडून घेतात. ही पद्धत १९३६ साली फिलाडेल्फियात सुरू झाली. कल्पना बर्ट बेल यांची. त्यांचा संघ सारखा हरे आणि चांगले खेळाडू श्रीमंत संघांकडे जात. म्हणून त्यांनी सुचवले, की जो संघ तळाला, त्याने पहिली निवड करावी. पहिला मान मिळाला जे बरवँगर या शिकागो विद्यापीठाच्या खेळाडूला. गंमत अशी, की हा पठ्ठ्या व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही! पैशांचे जमले नाही आणि तो रबराच्या धंद्यात नोकरीला लागला. निवडीच्या इतिहासाचा श्रीगणेशाच असा चकव्याने झाला.

पुढे मोजमापे आली. सर्वांत मोठा मान चाळीस यार्डांच्या धावेला, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांना. लाथेने उडवलेला चेंडू साधारण तितक्या अंतरावर पडतो, तेव्हा तेथवर खेळाडू किती लवकर पोहोचतो ते पाहावे, असा विचार क्लीव्हलँडचे नामांकित प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी केला, असे सांगतात.

१९६०च्या दशकात डॅलस काउबॉइज या संघाचे सूत्रधार टेक्स श्रॅम यांनी संगणकाचा आधार घेतला. आणि येथे आपल्या भूमीचा एक माणूस कथेत प्रवेश करतो. संगणकाचे गणित ज्यांनी मांडले ते सलाम कुरेशी भारतीय होते. त्यांना क्रिकेट ठाऊक; हा फुटबॉल परका. कदाचित म्हणूनच त्यांनी मुळापासून प्रश्न विचारला, की चांगला खेळाडू म्हणजे नेमके काय? तीनशेच्या आसपास गुण पुढे आले. ते चाळत चाळत पाच उरले : चारित्र्य, चपळाई व शरीरावरचा ताबा, ईर्षा, बुद्धीची तरतरी आणि ताकद. वाचकांनी ही यादी पुन्हा वाचावी. स्टॉपवॉचने यांतले किती मोजता येईल?

वेगाला किंमत नाही असे मात्र नव्हे. याच डॅलस संघाने बॉब हेज याला निवडले. त्याने १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर्सचे सुवर्णपदक जिंकले, आणि मग फुटबॉलमध्ये असा धुमाकूळ घातला की एकास एक माणूस लावून त्याला अडवणे अशक्य झाले. प्रतिस्पर्ध्यांना बचावाची रचनाच बदलावी लागली. ते पाहून मायामीच्या संघाने १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमधील शंभर मीटर्सचा विजेता जिम हाइन्स याला आणले. त्याने तर ते अंतर ९.९५ सेकंदांत कापले होते. पण त्याच्या हातांत चेंडू टिकेना. दोन वर्षांत त्याचा फुटबॉल आटोपला. पाय दोघांचेही सारखेच; फरक हातांत होता.

अनेक संघांपुढे खेळाडूंची एकत्र तपासणी करण्याची प्रथा १९८२ साली फ्लॉरिडात टँपा येथे सुरू झाली. मूळ हेतू वैद्यकीय : एकाच मुलाचा गुडघा दहा ठिकाणी दहा डॉक्टरांनी दाबायचा, त्यापेक्षा एकदाच काय ते पाहावे. १९८७पासून ती इंडियानापोलिसला भरू लागली. धाव, उभी उडी, लांब उडी, वळणांवरची चपळाई, आणि १०२ किलोंचे वजन उताणे पडून किती वेळा उचलता येते, हे सारे तेथे मोजले जाते.

परीक्षा आली की तिची 'गाइडे' आलीच! १९९५ साली माइक मामुला या तरुणाने याच कसोट्यांचा नेमका सराव केला आणि सर्वांना थक्क केले. फिलाडेल्फियाच्या संघाने बाराव्या क्रमांकाची आपली पाळी आणि वर आणखी दोन पाळ्या देऊन सातवी पाळी मिळवली व त्याला घेतले. तो वाईट खेळाडू मुळीच नव्हता; पण पाच हंगामांत थांबला. त्या दिलेल्या बाराव्या पाळीवर टँपाने वॉरन सॅपला निवडले, आणि तो पुढे खेळाच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसला.

उलट २००० साली टॉम ब्रेडी नावाचा किडकिडीत मुलगा चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत रडतखडत धावला. १९८ जणांची निवड झाल्यावर त्याचा नंबर लागला. त्याने पुढे सात वेळा अजिंक्यपद मिळवले! त्याचे काम धावण्याचे नव्हतेच. पाच आडदांड अंगावर येत असता क्षणात मैदान वाचायचे आणि चेंडू अचूक फेकायचा, हे त्याचे काम. त्याचे घड्याळ कोणाकडे होते?

किस्से म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणतो. पण कुझमिट्स आणि ॲडम्स या अभ्यासकांनी २००८ साली कसोट्यांचे आकडे आणि पुढची कामगिरी ताडून पाहिली, तेव्हा सुसंगत असा संबंध आढळला नाही. अपवाद एक : चेंडू घेऊन पळणाऱ्यांच्या बाबतीत धावेची वेळ उपयोगी ठरली. ज्याचे कामच पळण्याचे, त्याला पळवून पाहणे योग्य!

मात्र यावरून कसोट्या टाकाऊ ठरवणे घाईचे होईल. ज्या कॉलेजात नव्वद टक्क्यांवरच्यांनाच प्रवेश, तेथे पुढे कोण चमकेल हे त्या टक्क्यांवरून सांगता येत नाही. म्हणून टक्के निरर्थक होत नाहीत, कारण त्यांच्यावाचून दारातच अडले असते. इंडियानापोलिसला बोलावणे येते ते आधीच चाळून घेतलेल्या तीनशेवर तरुणांना. त्यांतला सर्वांत मंद गडीसुद्धा तुम्हाआम्हांला हरवील. शिवाय मंद असून जो तेथवर पोहोचला, त्याच्यापाशी दुसरे काहीतरी असणारच. म्हणजे घड्याळ उंबरठा दाखवते. घरात कोण नांदेल ते सांगत नाही.

हे सारे वाचताना मला एक मुलगा सारखा आठवत होता. तालुक्याच्या सामन्यांसाठी खो-खोचा संघ निवडायचा होता. मी सर्वांना पन्नास मीटर पळवले आणि वेळा वहीत मांडल्या. हा शेवटून दुसरा आला. खांबाजवळ तो अशी हूल देई, की पाठलाग करणारा भलत्याच बाजूला जाई. ते मी रोज पाहत होतो. तरी वहीपुढे डोळ्यांचे चालले नाही. मी त्याला वगळले. तो काही बोलला नाही. सामन्याला आला आणि आमच्या मुलांना पाणी देत उभा राहिला. आम्ही हरलो. पुढच्या वर्षी त्याने शाळाच सोडली होती. घरच्या अडचणीमुळे, असे कळले. संघात असता तर राहिला असता काय? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच संख्याशास्त्रात नाही.

अमेरिकेहून परतल्यावर त्याच्या किराणा दुकानात मुद्दाम गेलो. म्हटले, "त्या वर्षी माझं चुकलं रे."

तो पुडी बांधता बांधता हसला. "सर, वेळ तर खरीच होती. मी हळूच पळायचो." आणि थोडे थांबून म्हणाला, "पण मला कोणी शिवलं नसतं."

वेळ खरी होती, आणि तोही खरा होता. स्टॉपवॉच आता नातवाला देऊन टाकले आहे. देताना एवढेच सांगितले, की ते दाबावे जरूर. पण दाबताना मान खाली घालू नये.