येरळेची वाळू

खटावच्या उत्तरेला सोळकनाथाच्या डोंगरात येरळा उगम पावते. पश्चिमेला वर्धनगड-मच्छिंद्रगडाची रांग, पूर्वेला महिमानगडाची. या दोहोंमधले ओढे पोटात घेत ती पुसेगाव, खटाव, वडूज ओलांडून सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या खटावात जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळे येरळेचं कोरडं पात्र पाहून पावसालाच दोष देण्याची रीत पडली आहे. पण पाऊस पूर्वीही बेताचाच होता आणि तरी काठची गावं टिकून होती. ती टिकली वाळूच्या जिवावर. खाली काळा कातळ, वर वाळूचा जाड थर. पुराचं पाणी त्यात मुरायचं आणि उन्हापासून वाचायचं. उन्हाळ्यात बायका पात्रात हात-दोन हात खोल झिरा उकरायच्या, गढूळ पाणी उपसून टाकायच्या आणि तळाशी नितळ पाणी साचलं की वाटीवाटीनं घागर भरायच्या. काठच्या विहिरींनाही हाच पाझर होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी अमलात येरळेवर नेरचा आणि तिला मिळणाऱ्या चांद नदीवर मायणीचा तलाव झाला. भिंत घालून अडवलेलं पाणी सरकारी हिशेबात आलं, वाळूतलं कधीच आलं नाही. पुढे शहरांत सिमेंटची बांधकामं वाढली, तसं या वाळूला मोल आलं. ठेकेदार आले, पात्र खरवडलं गेलं, विहिरी खाली गेल्या. माझ्या मते येरळेच्या दुष्काळातला माणसाचा वाटा इथून मोजायला हवा.

1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांनी आणि शेतकऱ्यांनी नेमका हाच प्रश्न धरला. मुक्तिसंघर्ष चळवळीनं ठेकेदारांच्या उपशाला विरोध केला आणि भारत पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या साथीनं बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधायला घेतलं. 1990 च्या सुमारास ते पुरं झालं. पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर न ठेवता भूमिहीनांनाही वाटा द्यायचा आणि उसाला पाणी द्यायचं नाही, असं ठरलं. जमीन आणि पाणी यांची इतक्या वर्षांची गाठ सोडवणारा हा निर्णय मला त्या बंधाऱ्याहून मोठा वाटतो. यावर कुणी म्हणेल, धरणाचा पैसा तर वाळू विकूनही उभा राहिला, मग ठेकेदारानं काय वेगळं केलं? फरक मोठा आहे. गावानं मर्यादित वाळू काढली, ती गावाच्या निर्णयानं, आणि आलेला पैसा त्याच पात्रात पाणी अडवायला लावला. ठेकेदारानं काढलेली वाळूही गेली आणि पैसाही खोऱ्याबाहेर गेला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता टेंभू, ताकारी योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून या भागात आणलं, मग वाळूची काळजी कशाला? ते पाणी आलं हे चांगलंच झालं. त्यानं शिवारं हिरवी झाली. पण ते उपसा करून चढवावं लागतं, त्याचं वीजबिल कुणीतरी भरावं लागतं आणि आवर्तन संपलं की गाव पुन्हा आपल्या विहिरीकडे वळतं. त्या विहिरीला पाझर पात्रातूनच मिळायचा. वाळूचा लिलाव मात्र महसूल खातं ब्रासवर करतं आणि काठच्या विहिरीत पाणी किती हात खाली गेलं, ते त्या पावतीवर लिहायला जागाच नसते.