भला माणूस आणि बॉम्ब

व्हिएतनाम युद्धावर टीका करणारी पुस्तकं ढिगानं सापडतील, पण बहुतेक सगळी नंतरची! ग्रॅहम ग्रीनची 'द क्वाएट अमेरिकन' आली १९५५ साली. अमेरिकेच्या लढाऊ फौजा तिथे उतरल्या १९६५ मध्ये. म्हणजे चक्क दहा वर्षं आधी.

यातला पाईल खलनायक नाहीच मुळी. सभ्य, शिकलेला, पुस्तकं वाचून आलेला पोरगा. फ्रेंच नकोत, कम्युनिस्टही नकोत, मग 'तिसरी शक्ती' उभी करा, हा त्याचा सरळ हिशोब. त्यासाठी तो एका स्थानिक जनरलला स्फोटकं मिळवून देतो आणि सायगावच्या चौकात बायकापोरं मरतात. पाईलला बुटावरचं रक्त दिसतं, चूक दिसत नाही. ग्रीनचा आक्षेप नेमका हाच: हेतू चांगला असला की माणसाला हिशोब द्यावासाच वाटत नाही.

गंमत पुढेच आहे. १९५८ च्या हॉलिवूडपटात स्फोटाचं खापर कम्युनिस्टांवर फोडलं, अमेरिकन नायक निर्दोष! ग्रीन भयंकर चिडला. मूळ कथेशी इमान राखणारा सिनेमा यायला २००२ उजाडलं, आणि तोही ९/११ नंतर बरेच महिने डब्यात पडून होता.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, चांगले हेतू घेऊन फौजा इराकमध्ये उतरल्या.