नाताळचे पुडिंग : चुलीवरचे आणि पडद्यावरचे

इंग्लंडातील नाताळच्या जेवणात प्लम पुडिंगला जो मान आहे, तो पाहून आपल्याकडील होळीच्या पुरणपोळीची आठवण व्हावी. नावात प्लम असले, तरी या पक्वान्नात अलुबुखाराचा मागमूसही नसतो. जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांनाच तो शब्द लावीत असत. मनुका, बेदाणे, पावाचा चुरा, अंडी, साखर, मसाला आणि गोमांसाची घट्ट चरबी एकत्र कालवून, तो गोळा पीठ भुरभुरविलेल्या ओल्या फडक्यात बांधावयाचा व कित्येक तास उकळत ठेवावयाचा, ही त्याची जुनी कृती. तो आठवडेच्या आठवडे टिकतो. म्हणून नाताळाला महिनाभर अवकाश असतानाच तो सिद्ध करून ठेवण्याचा प्रघात पडला. कालवताना घरातील प्रत्येकाने एकेकदा पळी फिरवावी व मनात एक इच्छा धरावी, असाही संकेत आहे.

या पुडिंगला जगभर कीर्ती मिळाली, ती मात्र राजवाड्यातील पाकशाळेमुळे नव्हे, तर एका गरीब कारकुनाच्या घरामुळे. चार्ल्स डिकन्स याची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. तीतील बॉब क्रॅचिट यास आठवड्याला अवघे पंधरा शिलिंग मिळतात. घरी भट्टी नाही, म्हणून नाताळचे हंस पक्ष्याचे मांस पाववाल्याच्या भट्टीतून भाजून आणावयाचे, आणि पुडिंग शिजवावयाचे ते कपडे उकळण्याच्या तांब्याच्या हंड्यात! लंडनमधील अनेक गरीब कुटुंबांची त्या काळी हीच रीत होती. ते पुडिंग बाहेर काढण्याची वेळ येते, तेव्हा गृहिणीच्या जिवाची घालमेल होते. आत कच्चे राहिले असले तर? काढताना फुटले तर? वर्षातून एकदाच होणारे पक्वान्न बिघडले, तर त्या घरी दुसरे कोठून येणार? अखेर ब्रँडीच्या निळसर ज्वाळांसह ते ताटात येते. एवढ्या मोठ्या कुटुंबाला ते अपुरे आहे हे प्रत्येकाला दिसते, पण कोणी बोलत नाही.

चित्रपटसृष्टीने ही कथा फार लवकर उचलली. १९०१ साली ब्रिटनमध्ये तिच्यावर एक लहानसा मूकपट निघाला. १९३८ साली हॉलिवुडमधील मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने ती पुन्हा पडद्यावर आणली. पण मधल्या काळात पुडिंगलाच नायक करण्याचा एक विलक्षण प्रयोग लंडनमध्ये झाला होता.

साम्राज्यातील मालाचा खप वाढावा म्हणून ब्रिटिश सरकारने १९२६ साली ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ स्थापन केले. त्याने राजाच्या मुख्य आचाऱ्याकडून नाताळच्या पुडिंगची कृती मिळविली आणि तिचा मोठा गाजावाजा केला. जिन्नस सतरा! मनुका-बेदाण्यांचे तीन प्रकार प्रत्येकी पाच पौंड, चरबी पाच पौंड, पावाचा चुरा पाच पौंड, अंडी वीस. प्रत्येक जिनसापुढे साम्राज्यातील एखाद्या देशाचे नाव लिहिलेले असावयाचे : मनुका ऑस्ट्रेलियाच्या, लवंग झांझिबारची, रम जमैकाची. हिंदुस्थानचे नाव या यादीत आले, ते मसाल्यापुरते. तेहेतीस पौंडांहून अधिक भरणाऱ्या त्या राशीत सगळा मसाला मिळून पाच-सहा औंसांचा. तीस कोटींच्या देशाला या शाही पंगतीत वाढलेले पान एवढेच होते.

याच कृतीवरून १९३० साली वॉल्टर क्रायटन याने ‘वन फॅमिली’ हा चित्रपट काढला. एक शाळकरी मुलगा स्वप्नात राजाच्या पुडिंगचे जिन्नस गोळा करीत साम्राज्यभर हिंडतो, अशी त्याची कल्पना. नाव ‘एक कुटुंब’. प्रत्यक्षात ती बाजारहाटाची यादीच. प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरविली. कारण शोधावयास फार दूर जावयास नको. राजाचे पुडिंग फुटले, तरी राजा उपाशी राहणार नव्हता. क्रॅचिटबाईंच्या हंड्यावर सगळ्या घराचा सण टांगलेला होता. १९३३ साली ते बोर्डही बंद झाले.

पुढे महायुद्ध आले. जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये साखर, लोणी वगैरे जिन्नस शिधापत्रिकेवर मिळू लागले, आणि ज्या पुडिंगसाठी साऱ्या साम्राज्यातून माल येत असे, त्यात गृहिणी गोडीसाठी किसलेले गाजर घालू लागल्या. युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. अॅलिस्टर सिम याची भूमिका असलेला ‘स्क्रूज’ १९५१ साली पडद्यावर आला, तेव्हा ब्रिटिश प्रेक्षकांच्या खिशात शिधापत्रिका होतीच. क्रॅचिटांच्या घरचे ते तुटपुंजे जेवण त्यांना तुटपुंजे वाटले असेल काय, याची शंकाच आहे. साखरेवरील बंधन १९५३ साली उठले; मांसाची शिधापत्रिका जाण्यास १९५४ चा जुलै उजाडावा लागला.