स्मृतिभ्रंश : एका सीमारेषेचा इतिहास

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यात थोडी थट्टा असते, थोडी समजूतही असते. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्यात एक सिद्धांत दडलेला असतो. वय झाले की बुद्धी जाणारच, हा तो सिद्धांत. तो एकदा मान्य केला की विसरणाऱ्या वृद्धाविषयी विचारण्यासारखे काही उरत नाही. वैद्यकाला हा प्रश्न मात्र टाळता आला नाही. वार्धक्य कोठे संपते आणि आजार कोठे सुरू होतो? गेल्या सव्वाशे वर्षांत ही सीमारेषा आखली गेली, पुसली गेली आणि पुन्हा नव्या जागी आखली गेली. हा इतिहास जितका सूक्ष्मदर्शकाचा आहे, तितकाच नाव देण्याच्या क्रियेचाही आहे, असे आम्हांला वाटते. म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे, असा या लेखाचा आग्रह आहे.

या इतिहासाच्या आरंभी एक संवाद आहे. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर या एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीला दाखल करण्यात आले. अलॉइस अल्झायमर हे तेथील डॉक्टर तिच्याशी बोलत आणि प्रश्नोत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवत. नाव विचारले की ती ‘आउगुस्टे’ म्हणे. आडनाव विचारले तरी ‘आउगुस्टे’. नवऱ्याचे नाव विचारले तरी बहुधा तेच. पानात फुलकोबी आणि डुकराचे मांस असताना ती पालक खात असल्याचे सांगे. स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तर ‘श्रीमती’ एवढे लिहून पुढचे विसरे. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, असेही तिने म्हटल्याची नोंद आहे. ज्या आजारात शब्द हरवतात, त्याचे सर्वांत नेमके वर्णन असे रुग्णाच्याच तोंडून आलेले आहे.

८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. अल्झायमर तोपर्यंत म्यूनिकला एमिल क्रेपेलिन यांच्या संस्थेत गेले होते. तिचा मेंदू तेथे मागवून घेऊन त्यांनी त्याचे पातळ छेद तपासले. रुप्याच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची बिलशॉव्स्की यांची पद्धत तेव्हा नवी होती. तिच्या साहाय्याने त्यांना दोन गोष्टी दिसल्या : पेशींच्या बाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे सारे मांडले. श्रोत्यांपैकी कोणीही एक प्रश्नदेखील विचारला नाही.

आजाराला नाव दिले ते क्रेपेलिन यांनी. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या भागात त्यांनी ‘अल्झायमरचा आजार’ असा उल्लेख केला. त्या वेळी हाताशी अशा रुग्णांची उदाहरणे अगदी थोडी होती. शिवाय प्रागमध्ये ऑस्कर फिशर यांनी १९०७ मध्येच वृद्धापकाळी बुद्धिभ्रंश झालेल्या बारा जणांच्या मेंदूंत तसेच ठिपके दाखवले होते. मग वेगळ्या नावाची घाई का? म्यूनिक आणि प्राग या प्रयोगशाळांतील चढाओढ, तसेच मनोविकाराला शरीरातच आधार असतो हे दाखवण्याची गरज, अशी कारणे इतिहासकार देतात. स्वतः अल्झायमर १९११ मध्येही हा वार्धक्यातील बुद्धिभ्रंशाहून वेगळा आजार आहे का, याविषयी साशंक होते. १९१५ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचेही वय एक्कावन्नच होते.

या नामकरणाचा परिणाम मोठा विचित्र झाला. पन्नाशीतील माणसाची स्मृती गेली तर तो ‘अल्झायमरचा’ रुग्ण. पंच्याहत्तरीत तेच झाले तर ते केवळ ‘म्हातारपण’. एकाला आजार होता, दुसऱ्याला फक्त वय होते. रोहिण्या कठीण झाल्या, मेंदूला रक्त कमी पडले, असे दुसऱ्याच्या बाबतीत सांगितले जाई आणि तेवढ्यावर भागे. सुमारे अर्धशतकभर आपली म्हण आणि युरोपीय वैद्यक यांच्यात फारसे अंतर नव्हते, असे म्हणावे लागते.

ही रेषा पुसण्याचे काम न्यूकॅसल येथे झाले. गॅरी ब्लेसेड, बर्नार्ड टॉमलिन्सन आणि मार्टिन रॉथ या तिघांनी साठच्या दशकात एक साधी पण चिकाटीची पद्धत अवलंबली. वृद्ध माणूस हयात असतानाच त्याच्या नातेवाइकांकडून त्याच्या रोजच्या वागण्याची माहिती घेऊन तिला गुण द्यायचे आणि मृत्यूनंतर मेंदूतील ठिपके मोजायचे. १९६८ मध्ये त्यांनी दाखवले की बुद्धिभ्रंश जितका अधिक, तितके ठिपकेही साधारणपणे अधिक. शाबूत बुद्धीने गेलेल्या वृद्धांच्या मेंदूंतही ठिपके सापडले, परंतु एकंदरीत कमी. म्हणजे पंच्याहत्तरीतील बुद्धिभ्रंशामागेही बहुधा तीच विकृती होती, जी आउगुस्टेच्या मेंदूत दिसली होती. ते निव्वळ वय नव्हते.

त्यापुढचे पाऊल एका लहानशा संपादकीयाने टाकले. एप्रिल १९७६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी असे प्रतिपादन केले, की वयावरून केलेला हा भेद निराधार आहे. दोन्ही एकच आजार मानावेत. तसे मानताच एक दुर्मीळ विकार एकाएकी देशातील मृत्यूच्या प्रमुख कारणांमध्ये जाऊन बसला. रुग्ण तेच होते. बदलली होती ती व्याख्या. याच सुमारास, १९७४ मध्ये, अमेरिकेत वार्धक्याच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती. तिचे पहिले संचालक रॉबर्ट बटलर यांनीच १९६९ मध्ये वयावरून होणाऱ्या भेदभावासाठी इंग्रजीत नवा शब्द घडवला होता. म्हातारपणासाठी कोणी पैसा देत नाही, आजारासाठी देते, हे त्यांनी ओळखले आणि अल्झायमरला संस्थेच्या कामात अग्रस्थान दिले.

नावाने बरेच काही दिले. विसरणारा वृद्ध ‘चळलेला’ न राहता रुग्ण झाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या सुनेच्या किंवा मुलीच्या थकव्यालाही कारण मिळाले. परंतु नावाने संशोधनाची नजर बांधूनही टाकली. ठिपके हेच आजाराचे मूळ, या गृहीतकावर पुढची कित्येक दशके खर्ची पडली. मेंदूत ठिपके असूनही अखेरपर्यंत शहाणी राहिलेली माणसे हा न्यूकॅसलच्या अभ्यासापासूनचा अनुत्तरित प्रश्न आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत संपूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे औषध ठिपके कमी करते. ऱ्हासाचा वेग त्याने काहीसा मंदावतो, थांबत नाही.

हे सारे युरोप-अमेरिकेत घडले. आपल्याकडे हीच सीमारेषा वेगळ्या अडचणीत सापडली. स्मृती तपासण्यासाठी जगभर वापरली जाणारी १९७५ ची इंग्रजी चाचणी शंभरातून सात-सात वजा करायला, एक वाक्य लिहायला, पंचकोनांची आकृती काढायला सांगते. जो कधी शाळेत गेला नाही, तो या चाचणीत आजाराविनाच नापास होणार. दिल्लीजवळील बल्लभगड येथे नव्वदच्या दशकात भारतीय व अमेरिकन संशोधकांनी पंचावन्न वर्षांवरील पाच हजारांहून अधिक ग्रामस्थांचा अभ्यास केला, तेव्हा निरक्षरांसाठी हिंदी चाचणी नव्याने घडवावी लागली. दैनंदिन व्यवहारांची प्रश्नावलीही वेगळी करावी लागली. कारण ज्या घरात म्हाताऱ्या माणसाकडून कोणत्याच कामाची अपेक्षा नसते, तेथे त्याला ते जमेनासे झाले हे लक्षात येणार कसे? आदराने दिलेली विश्रांतीही आजार झाकू शकते. तेथे बुद्धिभ्रंशाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बरेच कमी आढळले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मात्र साठीपुढील भारतीयांत ते ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे अनुमान निघाले.

आता आपल्या शब्दाकडे वळू. मराठीत या आजारासाठी ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द रूढ झाला आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो, परंतु तेथे तो क्रोधातून आणि मोहातून आलेल्या अधःपाताची एक पायरी आहे. तेथे विसरण्यात दोष आहे. वैद्यकाने शब्द घेतला आणि दोष काढून टाकला. निदान तसा प्रयत्न केला. घरात मात्र ‘मुद्दाम करतात’, ‘सोयीचे तेवढे बरे आठवते’ ही वाक्ये आजही ऐकू येतात, आणि त्यांत शब्दाचा जुना अर्थच बोलत असतो. २०१३ च्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात एक संस्कृत पंडितच या आजाराने ग्रासलेला दाखवला आहे. ज्याचे सारे आयुष्य पाठांतरावर उभे, त्याचीच स्मृती जाते. पाठांतराला विद्या मानणाऱ्या समाजाला हा आजार अधिक बोचतो, हे त्या कथेने नेमके ओळखले.

आउगुस्टेच्या आजाराच्या नोंदींची फाइल अनेक वर्षे बेपत्ता होती. डिसेंबर १९९५ मध्ये ती फ्रँकफुर्टमध्येच सापडली. तोवर जगाला तिच्या मेंदूतील ठिपके आणि गुंते पाठ झाले होते. तिचे बोलणे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. फाइल सापडली तेव्हा अल्झायमर यांची दुसरी बाजू दिसली. मेंदूचे छेद घेण्याच्या कितीतरी आधी त्यांनी तिच्यासमोर बसून प्रश्न विचारले होते आणि चुकलेली उत्तरेही जपून लिहून ठेवली होती. रेषा कोठे आखायची हा वाद संशोधक यापुढेही घालतील. पण तिच्या कोणत्याही बाजूला असलेल्या माणसाला प्रश्न विचारणे आणि उत्तरासाठी थांबणे, हे निदानाच्या आधीचे काम आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणताना आपण नेमके तेच टाळत असतो.