वाऱ्याची रोजकीर्द

नेमावरच्या घाटावर परमारकालीन सिद्धनाथ मंदिरापाशी उभे राहिले म्हणजे पैलतीरी हंडिया दिसते, आणि पाठीमागे जुन्या होळकरी जिल्ह्याची काळी गहूजमीन पसरलेली असते. याच नर्मदेच्या खोऱ्यात, पूर्वेकडे, 1827 पासूनच्या काही वर्षांत तांबेऱ्याने उभ्या गव्हाचा कसा विध्वंस केला, हे इंग्रज अधिकारी स्लीमनने लिहून ठेविले आहे; सागरकडील रयतेने त्याचे खापर गोमांसभक्षणाच्या पापावर फोडले, हेही तो सांगतो. बुडालेल्या पिकाचा हिशेब जमाबंदीच्या कागदांत उतरे. ते बुडविणारी नारिंगी धूळ, म्हणजे तांबेऱ्याच्या बुरशीचे बीजाणू, वाऱ्यात किती, हे मोजण्याचे माप मात्र कोणत्याच दफ्तरी नव्हते.

त्या मापाचा आपल्याकडील आरंभ, चमत्कारिक वाटेल, पण तुरुंगात झाला. कलकत्त्याच्या तुरुंगांतील हवेचे कण चिकट काचपट्टीवर धरून डेव्हिड कनिंगहॅमने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, आणि बीजाणू विपुल असले तरी पटकी वा हिवतापाशी त्यांचा मेळ बसत नाही, असा निष्कर्ष 1873 साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्लेने बुरशीचे बीजाणू स्वतः हुंगून आपला कंठ बसल्याचे नमूद केले! कनिंगहॅमची मोजणी चोख होती. त्याने साथ शोधली, श्वास शोधला नाही, इतकेच. पुढे 1924 मध्ये कॅनडातील कॅडहॅमने गव्हाच्या तांबेऱ्यापासूनच शेतकऱ्यांना दमा होतो हे दाखविले, तेव्हा पिकाचा आणि छातीचा वैरी एकच निघाला.

1952 साली इंग्लंडातील हर्स्टने मिनिटाला दहा लिटर हवा ओढणारे आणि काचपट्टी तासाला दोन मिलिमीटर सरकविणारे यंत्र केले. कोणत्या प्रहरी कोणता बीजाणू आला याची ती रोजकीर्दच होय. औरंगाबादेत एस. टी. टिळक व कुलकर्णी यांनी 1970 मध्ये आठ दिवस अखंड चालणारा, फिरत्या पिंपावर चिकटपट्टी गुंडाळलेला संग्राहक सिद्ध केला.

तथापि आकृतीवरून सर्वच ओळखता येत नाही. अल्टरनेरियाचा गदेसारखा बीजाणू तात्काळ कळतो. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचे वाटोळे कण मात्र पोषकद्रव्याच्या तबकडीत वाढवूनच वेगळे करावे लागतात, आणि तबकडीत मृत बीजाणू उगवतच नाही. त्याचे प्रथिन तरीही दमेकऱ्याला छळते. म्हणून ते प्रथिन रुग्णाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडांशी जुळवून पाहण्याची रीत आली. चैत्रात खळ्यावर मळणी सुरू झाली म्हणजे नाकातोंडात जाणाऱ्या धुळीत जिवंत आणि मृत असे दोन्ही बीजाणू असतात.