मराठवाड्यांतील सरकारी मोटारवाहतूक : आरंभाचा प्रश्न

एस. टी.चा आरंभ १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर झाला, असें सर्वत्र सांगतात. मुंबई प्रांतापुरतें हें खरें. परंतु नांदेड-लातूर हा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. निजाम सरकारनें १९३० सालीं रेल्वे विकत घेतली व जून १९३२ मध्यें त्याच खात्यामार्फत २७ मोटारी व १६६ नोकर यांनिशीं प्रवासी वाहतूक सुरू केली. रूळ आणि रस्ता एकाच हातीं राहिले. ग्लासगोच्या आल्बियन कारखान्याची त्या सालची एक बस हैदराबादेस अद्यापि जतन केलेली आहे. मराठवाडा मुंबई राज्यांत आला तो १९५६ सालीं. तेव्हां येथील सरकारी बसची वंशावळ पुण्यापासून नव्हे, हैदराबादेपासून मांडणें हेंच सयुक्तिक होय.