भूपेन खख्खर : एक सिंहावलोकन

चित्रकाराच्या आयुष्यभराच्या कामाचे एकत्र प्रदर्शन भरते, त्यास सिंहावलोकन म्हणावयाचे. सिंह चालता चालता मान वळवून मागची वाट पाहतो, अशी ही कल्पना. लंडनच्या टेट मॉडर्न कलासंग्रहालयात २०१६ साली भूपेन खख्खर (१९३४–२००३) यांचे असे प्रदर्शन भरले होते. ते पाहण्याचा योग मला आला. तेथून मागे वळून पाहता वाट थेट बडोद्यास, तीही शतकापूर्वीच्या बडोद्यास पोहोचते.

आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, हे राजा रविवर्म्यांस सुचविले ते बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी. पुढे सयाजीराव महाराजांसाठी रविवर्म्यांनी १४ पौराणिक चित्रे रंगविली आणि १८९४ साली मुंबईत छापखाना घातला. राजवाड्यात शोभणाऱ्या देवता अशा रीतीने घरोघरी व दुकानोदुकानी जाऊन बसल्या. जाणत्या कलावंतांनी मात्र पुढे या चित्रांस 'बाजारी' म्हणून हलके लेखिले.

१९६२ साली मुंबईचा एक हिशेबतपासनीस बडोद्यास राहावयास आला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याने घेतले नव्हते. ज्यांकडे पाहण्याचेही इतरांनी टाकले होते, तीच देवादिकांची छापील चित्रे कापून त्याने आपल्या फलकांवर चिकटविली. भारतातील 'पॉप' कलेच्या आद्य प्रवर्तकांत खख्खरांची गणना होते, ती येथपासून.

परंतु त्यांची वाट पाश्चात्त्यांहून वेगळी आहे. अँडी वॉरहॉल यांनी १९६२ साली सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. तेथे माल दिसतो, माणूस दिसत नाही. खख्खरांची दृष्टी मालावरून दुकानात बसलेल्या माणसाकडे वळली. 'जनता वॉच रिपेअरिंग' आणि 'डी-लक्स टेलर्स' (१९७२) या चित्रांतील घड्याळजी व शिंपी यांस पूर्वी कोणी चित्रविषय मानलेच नसते. खख्खर स्वतः अनेक वर्षे अर्धवेळ हिशेबनिसी करीत. या माणसांचे एकटेपण त्यांना परके नव्हते.

प्रदर्शनास नाव दिले होते ते 'यू कान्ट प्लीज ऑल' (१९८१) या चित्राचे. बाप, मुलगा आणि गाढव यांची परिचित गोष्ट त्यात आहे, आणि सज्जात उभा राहून ती पाहणारा एक विवस्त्र पुरुष आहे. तो पुरुष म्हणजे चित्रकार स्वतः. आपले समलिंगी प्रेम त्यांनी या चित्राने उघड केले. तेव्हा आपल्या देशात तो गुन्हा होता. लंडनला हे प्रदर्शन भरले तेव्हाही होता. सर्वोच्च न्यायालयाने तो कलंक दूर केला २०१८ साली, चित्रकाराच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी.

सर्वांस खूष करता येत नाही, हे तात्पर्य आपण शिक्षक मुलांकडून पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. खख्खरांनी ते स्वतःच्या आयुष्यास लावून पाहिले, आणि त्याची किंमतही मोजली.